घरात आणखी कोण राहतं?

नोकरी गेली तेव्हा मला रडू आलं नाही. झोप आली. वेलिंग्टनमधल्या त्या सहाव्या मजल्यावर, भर दुपारी, मॅनेजर आणि एचआरची बाई समोर बसून 'रीस्ट्रक्चर, रीस्ट्रक्चर' करत होते आणि माझ्या मनात एवढंच, की संपवा एकदाचं, मला घरी जाऊन आडवं व्हायचंय. अकरा वर्षं मी तिथे पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांची ड्रॉइंग्ज काढली. कौन्सिलांनी हात आखडता घेतला, कामं थांबली, आणि आम्ही आठ ड्राफ्टर होतो त्यातले तीन ठेवायचं ठरलं. त्या तिघांत मी नव्हते. इथे एकदम काढत नाहीत. आधी एक कागद देतात, त्यावर तुमचं मत मागतात, मीटिंगला आधारासाठी कुणाला तरी घेऊन या म्हणतात, तुमचं मत शांतपणे ऐकून घेतात आणि मग काढतात. सगळे इतकं गोड बोलतात की चिडायचीसुद्धा सोय राहत नाही.

घरी, वेलिंग्टनजवळ पोरिरुआला, आम्ही तिघं. मी, तेरा वर्षांची लेक आणि माझे धाकटे दीर. नवरा चार वर्षांपूर्वी इथेच गेला. आजार कळल्यापासून सहा महिन्यांत. भाऊजी तेव्हा ऑकलंडला लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होते. हॉस्पिटलमध्ये भावाचा हात धरून ते म्हणाले, "दादा, मी बघतो सगळं." असं सगळेच म्हणतात. पण सगळं आटोपल्यावर ते खरोखर बदली मागून घेऊन इकडे आले आणि मागच्या खोलीत राहू लागले. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, अबोल, आणि कमालीचे मानी. लेकीला शाळेत सोडणं, तिला पोहायला नेणं, गाडीचं काय ते पाहणं, हे न सांगता त्यांच्याकडे गेलं. आम्हाला त्यांचा आधार होता, यात काडीचं खोटं नाही.

खोटं होतं ते वेगळंच, आणि ते माझं एकटीचं होतं. भाऊजींची समजूत होती की घरभाड्याचा अर्धा वाटा ते देतात. देत नव्हते. ते इथे आले तेव्हा त्यांचा पगार माझ्यापेक्षा पुष्कळ कमी होता, वर दर महिन्याला कराडला आईला पैसे पाठवायचे. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "वहिनी, भाडं किती?" माझ्या तोंडून खरा आकडा निघालाच नाही. बराच खालचा सांगितला. ते त्याच्या निम्मे देऊ लागले. पुढे भाडं दोनदा वाढलं, तेही मी सांगितलं नाही. वीज, इंटरनेट, गाडीचा विमा, सगळं माझ्या पगारातून जायचं. आणि रविवारी सासूबाईंचा फोन आला की मी न चुकता म्हणायचे, "आमचं सगळं भाऊजीच बघतात हो." सासूबाईंना बरं वाटायचं. भाऊजी शेजारी बसलेले असले तर पेपर वर धरायचे, पण कान लाल झालेले दिसायचे. मला यात त्याग वगैरे वाटत नव्हता. पगार होता, निभत होतं.

आता पगार नव्हता. रजेचे उरलेले पैसे किती दिवस पुरणार होते, ते मला पक्कं ठाऊक होतं. ते संपल्यावर भाड्याचा खरा आकडा भाऊजींना सांगावा लागणार होता, आणि त्यासोबत चार वर्षांचं बाकी सगळं. मला ते होऊ द्यायचं नव्हतं. बेनिफिट, म्हणजे सरकारचा बेकारी भत्ता, हवा होता तो खरं म्हणजे एवढ्याचसाठी.

पण अर्ज करायला माझे तीन आठवडे गेले. आमच्या लोकांत 'अमका बेनिफिटवर आहे' हे वाक्य आवाज खाली करून बोलतात. गणपतीच्या जेवणात ताट हातात घेऊन मीसुद्धा ते तसंच बोललेली आहे, उगाच साळसूदपणा कशाला करू. अकरा वर्षं टॅक्स भरला होता, तरी भीक मागायला निघाल्यासारखं वाटत होतं. शेवटी वेबसाइट उघडली तेव्हा पहिली गोष्ट कळली ती ही, की तुम्ही त्यांच्याकडे ज्या दिवशी जाता त्या दिवसापासून तुमचा हिशेब धरतात. नोकरी गेल्या दिवसापासून नाही. म्हणजे लाजण्यात घालवलेले तीन आठवडे पाण्यात. त्यानंतर 'स्टँड-डाउन' म्हणून आणखी थांबायचा काळ असतो, त्यात काहीच मिळत नाही. मग काम शोधत असल्याचे पुरावे, सीव्ही कसा लिहावा याचं सेमिनार, सेमिनारला गेलात याची नोंद. मी टेंडरचे कागद वाचून वाचून डोळे घालवलेली बाई. ओळ न ओळ वाचली, वहीत टिपून ठेवली. एकच पान सोडलं. त्यावर लिहिलं होतं की जोडीदार असेल तर दोघांचं उत्पन्न एकत्र धरतात, आणि त्याचा पगार बरा असला तर तुम्हाला काही मिळत नाही. मला जोडीदार नाही. ते पान वाचून कशाला जीव जाळायचा, म्हणून पुढे गेले.

आणि मग फॉर्ममध्ये प्रश्न आला, घरात आणखी कोण राहतं?

लेकीचं नाव लिहिलं. भाऊजींचं नाव लिहिलं, नातं लिहिलं. खाली माहितीसाठी एक चौकट होती. ती रिकामी ठेवली असती तरी चाललं असतं. पण मी रेशनकार्डाच्या देशातली. कागदावर घरातली माणसं मांडायची म्हटलं की पहिल्यांदा कुटुंबप्रमुख, मग बाकीचे. बाईच्या नावावर घर चालत असलं तरी कागदावर वर पुरुषाचं नाव, हे मी जन्मभर बघितलेलं, आणि कुणी मुद्दाम शिकवावंही लागलेलं नाही. त्यांना लेकीनंतर नुसतंच लिहिलं हे मलाच बरं वाटेना. म्हणून त्या चौकटीत मी इंग्रजीत लिहिलं, 'कुटुंबप्रमुख. आमचा सांभाळ हेच करतात.' लिहून झाल्यावर समाधान वाटलं, हे विशेष.

दहा दिवसांनी बेनिफिटच्या ऑफिसात बोलावलं. तिथली बाई साठीच्या आसपासची होती, गळ्यात हिरव्या दगडाचं पदक, "किआ ओरा" असा माओरी नमस्कार करून तिनं अगदी मनापासून हसून बसायला खुर्ची दिली. माझी सगळी कागदपत्रं क्रमानं लावलेली पाहून तिला कौतुक वाटलं. मग तिनं स्क्रीनवर ती चौकट उघडली आणि आवाज थोडा मऊ केला.

"हे गृहस्थ तुमचे जोडीदार आहेत का?"

मी म्हटलं, "नाही. माझे दीर आहेत. नवऱ्याचे धाकटे भाऊ."

"बरं. तुम्ही एकत्र जेवता?"

"हो."

"स्वयंपाक कोण करतं?"

"मी."

"मुलीला शाळेत ते सोडतात? सुट्टीत तुम्ही एकत्र फिरायला जाता? ओळखीच्यांकडे जोडीनं जाता?"

प्रत्येकाला उत्तर हो होतं, आणि प्रत्येक 'हो'सरशी माझ्या अंगाला घाम सुटत होता. कारण ती काय विचारते आहे ते आता माझ्या ध्यानात आलं होतं. ती विचारत होती की आम्ही नवरा-बायकोसारखे राहतो का. ज्या माणसानं चार वर्षांत माझ्याशी बोलताना कधी मान धड वर केली नाही, त्याच्याबद्दल. मी पर्स उचलली आणि उभी राहिले. म्हटलं, "तुमचा बेनिफिट तुमच्यापाशी ठेवा." आवाज इतका चढला की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

ती बाई चिडली नाही. तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि माझंच वाक्य मला दाखवलं. म्हणाली, "हे तुम्ही लिहिलंय. एका घरात राहणारा पुरुष, कुटुंबाचा प्रमुख, तुमचा सांभाळ करतो. मी काय समजायचं, सांगा बरं."

मी खाली बसले. तिचं काही चुकत नव्हतं. मान म्हणून लिहिलेलं वाक्य तिच्यापुढे जबानी होऊन उभं होतं. मी समजावून सांगितलं, की आमच्याकडे असं म्हणतात, म्हणायचं असतं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली की तिच्याही घरी मोठ्या माणसांचा असाच मान ठेवतात, पण तिला कागद लागतील. घरभाड्याचा करार. दोघांच्या बँकेच्या नोंदी. आणि भाऊजींच्या सहीचं एक पत्र, त्यात ते भाड्याचा किती वाटा देतात तो आकडा, आणि ते मला आर्थिक आधार देत नाहीत हे वाक्य.

घरभाड्याचा करार म्हटल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं. घरी परत येताना बसमध्ये मी एकच गोष्ट घोकत होते, की पत्र त्यांच्याकडून घ्यायचं आणि करार आपण परस्पर द्यायचा.

रात्रीच्या जेवणाआधी भाऊजींना पत्राचं सांगितलं. मला काय काय विचारलं गेलं तेवढं सोडून. त्यांनी ऐकलं आणि मान हलवली.

"वहिनी, कशाला त्या ऑफिसच्या नादाला लागताय? मी आहे ना. तुमचा वाटापण मी भरीन, नोकरी लागेपर्यंत."

मी म्हटलं, "तेच नको. तुम्ही भरलंत की त्यांच्या लेखी मी तुमच्यावर अवलंबून झाले."

"मग आहातच की."

ते इतक्या साधेपणानं म्हणाले की मी उठून ताटं घ्यायला लागले.

दोन दिवसांनी त्यांनी पत्र दिलं. एक पान, स्वच्छ अक्षरात. त्यात लिहिलं होतं की वहिनी मला आईच्या ठिकाणी आहेत, माझ्या दिवंगत भावाला मी शब्द दिला आहे आणि जिवात जीव असेतो मी त्यांची आणि मुलीची सर्व जबाबदारी उचलीन. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "भाऊजी, हे दिलंत तर मला डॉलरसुद्धा मिळणार नाही." त्यांनी दुसरं लिहिलं. त्यात आईचा उल्लेख कमी झाला, जबाबदारी तशीच राहिली. तिसऱ्या वेळी ते चिडले. "आधार देत नाही, असं मी स्वतःच्या हातानं लिहू? कराडला कळलं तर लोक तोंडावर थुंकतील." मग जरा वेळानं म्हणाले, "त्यापेक्षा मी वेगळी खोली बघतो. मग तर प्रश्न नाही ना?"

लेक सोफ्यावर फोन घेऊन बसली होती. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. ती ताडकन म्हणाली, "नो वे, काका. यू आर नॉट मूव्हिंग आउट." आणि माझ्याकडे बघून, "मम, डू समथिंग."

चौथ्या पत्रात त्यांनी मनावर दगड ठेवून ते वाक्य लिहिलं, आणि त्याच्या वर लिहिलं, 'मी घरभाड्याचा अर्धा वाटा देतो.' पुढे आकडा. तो आकडा आणि करारातला आकडा एका टेबलावर आले की त्या बाईला दोन मिनिटांत कळणार होतं की अर्धा कुठला, तिसरा हिस्सासुद्धा नाही. एक तर सरकारला खोटं पत्र द्यायचं, त्यावर सही त्यांची. नाहीतर अर्ज मागे घ्यायचा, आणि पंधरा दिवसांनी भाडं थकल्यावर तेच सगळं घरमालकाच्या ईमेलमधून त्यांना कळू द्यायचं. मी सगळ्या बाजूंनी विचार केला. हात टेकले. इतकी दमले होते की लबाडी करायलाही अंगात त्राण नव्हतं.

रविवारी जेवणं झाल्यावर मी करार आणून त्यांच्यापुढे ठेवला. लेकीला पोहायचे कपडे वाळत घालायला बाहेर पाठवलं. म्हटलं, "पत्रातला आकडा बदलावा लागेल."

त्यांनी करार वाचला. भाडं पहिल्याच पानावर असतं, पण ते शेवटपर्यंत वाचत राहिले. सह्या, तारखा, वाढीची दोन पत्रं. मग विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"वाढलं तेव्हाही?"

मी मान हलवली. मला खूप काही सांगायचं होतं. की तुम्ही होतात म्हणून मी त्या पहिल्या हिवाळ्यात अंथरुणातून उठत होते. की पोरगी तुमच्यामुळे हसायला लागली. की भाड्याच्या आकड्यात सांभाळ मोजायचा नसतो. यातलं मी एकही वाक्य बोलले नाही. तेव्हा बोलले असते तर समजूत घातल्यासारखं झालं असतं, आणि समजूत तर मी चार वर्षं घालतच होते.

ते म्हणाले, "म्हणजे मी नुसताच राहत होतो."

"भाऊजी, तसं नाही."

"कागद द्या," ते म्हणाले.

पाचवं पत्र दहा मिनिटांत झालं. चार ओळी. आम्ही एका घरात राहतो, नातं अमुक. भाड्यापोटी मी अमुक एवढे देतो, खरा आकडा. आमचे पैशाचे व्यवहार वेगळे आहेत. आणि शेवटची ओळ, 'मी त्यांना आर्थिक आधार देत नाही, आणि कधीही दिलेला नाही.' कधीही दिलेला नाही, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी ते खोडा म्हणाले. ते म्हणाले, "खरंय ते. राहू द्या."

पुढच्या आठवड्यात ते माझ्यासोबत ऑफिसात आले. अर्ध्या दिवसाची रजा काढून, इस्त्रीचा शर्ट घालून. बाईनं पत्र वाचलं, बँकेच्या नोंदींशी ताडून पाहिलं, आणि नियम म्हणून त्यांना तोंडी विचारलं, "तुम्ही यांच्या खर्चाला काही देता का?" त्यांनी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "नो." अजिबात अडखळले नाहीत. मुलीला पोहायचे कपडे, बूट घेऊन देता, नोंदीत दिसतंय, असं ती म्हणाली; आणि स्वतःच हसून पुढे म्हणाली की काकानं पुतणीला एवढं घ्यायचंच. ते हसले नाहीत. "स्वीट अॅज," म्हणजे 'झकास', असं म्हणत तिनं कीबोर्डवर काहीतरी दाबलं. माझं काम झालं होतं.

पैसे येऊ लागले. फार नव्हते, पण भाडं भरता येत होतं, आणि भाऊजी आता खरं निम्मं भाडं द्यायला लागले होते. मी नको म्हटलं तर म्हणाले, "पत्रातल्या आकड्यावर नव्यानं सही करून देईन, तुम्ही कळवा त्यांना." त्यासाठी शनिवारीही कामावर जाऊ लागले. मी दर आठवड्याला अर्ज करत होते, सेमिनारला बसत होते, माझ्या निम्म्या वयाच्या मुलाकडून सीव्हीतला फाँट कसा असावा ते शिकत होते. रविवारी सासूबाईंचा फोन आला की माझ्या तोंडून सवयीनं ते वाक्य निघायचं, आमचं सगळं भाऊजीच बघतात. भाऊजी उठून मागच्या खोलीत जायचे आणि दार लावून घ्यायचे. तिसऱ्या-चौथ्या रविवारी मी म्हणायचं सोडलं. सासूबाईंनी काळजीनं विचारलं, सगळं बरं आहे ना गं?

पाचव्या महिन्यात मला नोकरी लागली. कंत्राटी आहे, पगार आधीपेक्षा कमी, पण आहे. ऑफिसला फोन केला, त्यांनी अभिनंदन केलं आणि बेनिफिट बंद केला. इतक्या कागदांनी सुरू झालेली गोष्ट एका फोनमध्ये संपली. मी त्याच दिवशी भाऊजींना म्हटलं, "आता पूर्वीसारखं करू या." ते बरं म्हणाले. भांडण नाही, अबोला नाही. लेकीला शाळेत सोडतात, जेवायला आमच्यातच बसतात, वहिनी म्हणूनच हाक मारतात.

फक्त ते पाचवं पत्र दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते, तेव्हा ते फ्रिजपाशी येऊन उभे राहिले होते. दार उघडलं, आत पाहिलं, पुन्हा लावलं. आणि विचारलं, "वहिनी, चहाला थोडं दूध घेऊ का?"

चार वर्षांत त्यांनी त्या घरात काही घेताना विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "अहो, असं काय विचारता, घ्या की." त्या दिवसापासून ते रोज विचारतात. दूध, साखर, कधी शिळी पोळी. मी ओरडून पाहिलं, रडून पाहिलं, लेकीला सांगायला लावलं. ते हो हो म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी विचारतात. आज सकाळीही विचारलं. मी वर न बघता म्हटलं, घ्या. त्यांनी कपात बेतानं ओतून घेतलं, बाटली जागच्या जागी ठेवली, आणि म्हणाले, "थँक्यू."